मातीखाली उरलेले रान

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या गावामागच्या डोंगरावर वीतभर उंचीच्या एका पळसाच्या फुटव्याभोवतीची माती मी खुरप्याने उकरून पाहिली. वर जेमतेम तीन पाने होती आणि त्यांतले एक शेळीने अर्धे खाल्लेले होते. पण हातभर खाली गेल्यावर जे मूळ लागले ते माझ्या मनगटाएवढे जाड होते. सोबत आलेल्या आजोबांची सारी हयात त्या डोंगरावर गुरे राखण्यात गेली आहे. ते म्हणाले, "हा मी पोरगा होतो तेव्हापासून इथंच आहे. दरसाल जळतो, दरसाल फुटतो." त्या मुळाच्या आसपास, दहा पावलांच्या घेरात, धावड्याचे दोन खुंट, टेंभुर्णीची पाच-सहा रोपटी, हेंकळाची एक जाळी आणि आपट्याचा एक फुटवा आम्ही मोजला. सरकारी कागदांवर या जागेची नोंद 'पडीक' अशी आहे. त्याच वर्षी जूनमध्ये वृक्षलागवडीची पूर्वतयारी म्हणून तिच्यावर जेसीबी फिरला.

कोरड्या पानझडी रानाची सारी चर्चा, माझ्या मते, अशा मुळापासून सुरू व्हायला हवी. आपल्याकडे रान परत आणायचे म्हटले की लागवड हाच शब्द तोंडी येतो. माझे म्हणणे असे आहे की घाटमाथ्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत, खानदेशात आणि विदर्भात ज्या वनजमिनी आज उघड्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकांवर लागवड हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे. आणि सार्वजनिक पैसा एका पावसाळ्यातल्या खड्ड्यांवर घालण्याऐवजी जमिनीत जिवंत असलेल्या मुळांची दहा वर्षे राखण करण्यावर, तीही त्या रानावर हक्क असलेल्या गावांच्या हातून, खर्च झाला पाहिजे.

या रानाचा स्वभाव ध्यानात घेतल्याशिवाय ही मागणी विचित्र वाटेल. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने झाडाला साठवणीवर काढावे लागतात. म्हणून फेब्रुवारी उजाडता उजाडता रान पाने टाकून देते, पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, आणि उन्हाळी वारे सुटले की ऐन-धावड्याचे हलके बी दूरवर जाऊन पडते. या बियांपासून उगवलेले रोप पहिल्या उन्हाळ्यात बहुधा वरून वाळून जाते, पण त्याचे मूळ मरत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच मुळातून नवा कोंब येतो, तो वणव्यात किंवा उन्हात जातो, पुन्हा नवा येतो. आणि ही ये-जा वर्षानुवर्षे चालू असताना मूळ मात्र दरसाल थोडे थोडे पोसत राहते. असे पोसलेले मूळ लागोपाठ तीन-चार वर्षे आगीपासून आणि दातांपासून वाचले की त्यातून उठणारा कोंब एका हंगामात माणसाच्या उंचीला येऊ शकतो. तोडलेल्या झाडांचे खुंटही असेच फुटतात. उसाचा खोडवा ज्याने राखला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको: लावणीच्या उसाला जे नव्याने उभारावे लागते ते खोडव्याच्या मुळाशी आधीच तयार असते.

याच्या उलट रोपवाटिकेतून आलेल्या रोपाची गोष्ट. काळ्या पिशवीत त्याचे सोटमूळ तळाला टेकून गुंडाळी होऊन बसलेले असते. जुलैमध्ये ते मुरमाड उतारावरच्या खड्ड्यात लावले जाते, ऑक्टोबरपर्यंत तरारते, फोटोत चांगले दिसते, आणि मार्चमध्ये त्याला पहिल्यांदा कळते की आपले मूळ ओलाव्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. टँकरने पाणी घालणारे कोणी असेल तोवर ते तगते. अशा रोपाला जागा करून देण्यासाठी पन्नास वर्षे जुनी मुळे उपटून टाकायची, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या शेतात परवडणार नाही. जूनच्या त्या कामानंतर मी डोंगरावर गेलो तेव्हा समतल चरांच्या कापलेल्या कडेला पळसाची मुळे लोंबत होती. जुनी माणसे पळसाच्या मुळांच्या सालीचे दोर वळत. ती मुळे तशीच, दोरखंडासारखी, मातीतून बाहेर आली होती. धावड्याच्या दोन खुंटांपैकी एक भरावाखाली गेला होता. चर हे पाणी मुरवण्याचे उत्तम साधन आहे आणि ओसाड, मुळांचा मागमूस नसलेल्या उतारांवर ते जरूर खोदावेत. पण खाली काय जिवंत आहे हे न पाहता चर खोदणे म्हणजे पाण्यासाठी रानाचा बळी देणे आहे.

हे अज्ञानातून होते असे मला वाटत नाही. वनरक्षक, वनमजूर, गुराखी यांना हे रान माझ्यापेक्षा किती तरी अधिक कळते. तरीही हे घडते, कारण आपण मोजतो ते खड्डे आणि रोपे. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे ठरवली गेली. उद्दिष्ट रोपांत असले की प्रत्येक कार्यालयाला जागा शोधावी लागते, आणि शोधायला निघाले की जिथे झाडे दाट नाहीत अशी प्रत्येक जागा रिकामी दिसू लागते. झाडे लावण्याच्या बदल्यात पत देणाऱ्या केंद्राच्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) योजनेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जी पद्धत जाहीर केली तीत दर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. पुढे त्या पद्धतीत दुरुस्त्या झाल्या, पण मुळातला विचार त्या आकड्यात स्वच्छ दिसतो. शिवाय भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षछत्र दहा टक्क्यांहून अधिक आहे ती सगळी वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची आणि झाड कोणते हे त्यात पाहिले जात नाही. आमराई, निलगिरीची लागवड आणि सालई-धावड्याचे जुने रान या हिशेबात एकाच रकान्यात बसतात. महाराष्ट्राचे वनाच्छादन सुमारे साडेसोळा टक्के आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यातून रान किती आणि लागवड किती, हे कळायला मार्ग नसतो.

गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, कथा या हिशेबातूनच जन्मली. पुण्याच्या टेकड्यांवर आणि राज्यभरातल्या उघड्या डोंगरांवर हे झाड लावले गेले, कारण ते लवकर वाढते, निकस मातीत तगते, हवेतला नत्र जमिनीत बांधते आणि आपल्याकडची गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते चांगले आहे, याबद्दल वाद नाही. पण टेकडीवर त्याचे एकसुरी दाट रान तयार झाले की त्याखाली गवत उरत नाही, आणि गवत गेले की गवतावर जगणारे सगळेच जाते. लोकांना मात्र टेकडी हिरवी झाल्याचे समाधान मिळते. लहानपणी मलाही ते मिळाले होते आणि त्या समाधानाला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. भकास उतार पाहून झाड लावावेसे वाटणे ही चांगलीच भावना आहे. तिला योग्य माहितीची जोड मिळायला हवी, एवढेच.

या झाडाचे मूळ घर पाहिले तर गोष्ट अधिकच विचार करायला लावणारी होते. ग्लिरिसिडिया मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडील कोरड्या पानझडी रानातला आहे. म्हणजे आपल्या पळसासारखाच तोही तिथला स्थानिक, पानगळीचा, उन्हाळ्यात फुलणारा रहिवासी. त्याच पट्ट्यात, कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते प्रांतात, कोरडे रान परत आणण्याचा जगातला बहुधा सर्वांत मोठा आणि दीर्घ प्रयत्न झाला. डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर सांता रोसा राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासची गुरांची जुनी कुरणे रानासाठी मोकळी करण्याचा आराखडा मांडला. तिथे आफ्रिकेतून चराईसाठी आणलेले हारागुआ नावाचे उंच गवत माजले होते. ते दर उन्हाळ्यात पेटे आणि उगवलेले प्रत्येक रोप जाळून टाकी. त्यांनी तिथल्याच लोकांना आग विझवण्यासाठी पगारी कामावर घेतले. गवताचा भार कमी करण्यासाठी सुरुवातीची काही वर्षे गुरेही मुद्दाम चरू दिली. आग थांबली तशी वाऱ्याने आणि प्राण्या-पक्ष्यांनी आणलेली बीजे रुजली आणि उरलेल्या रानाच्या तुकड्यांमधली जागा हळूहळू भरत गेली. आज ते संरक्षित क्षेत्र एक लाख हेक्टरहून अधिक जमिनीवर पसरलेले आहे आणि १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ग्लिरिसिडियाच्या मायदेशात रान परत आणताना मुख्य खर्च राखणीवर झाला, आणि आपण मात्र त्या देशातले झाड आणून आपल्या रानाच्या जागी लावले.

मात्र ग्वानाकास्तेचा धडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, आणि याबाबत रानप्रेमी मंडळींचीही चूक होते. तिथे गवत हा परका होता. आपल्याकडे पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवते या भूमीची जुनी रहिवासी आहेत, आणि सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातली कित्येक माळराने कोणी तोडून उघडी पाडलेली रानेच नव्हेत. ती मुळातच विरळ झाडांची गवताळ भूमी आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात किंवा रेहेकुरीच्या काळविटांच्या माळावर झाडांची गर्दी करणे म्हणजे रान परत आणणे नव्हे, उलट ते घालवणे आहे. शहरांत लोकप्रिय झालेली मियावाकी पद्धत, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे दाटीने लावून दोन-तीन वर्षे पाणी देण्याची, कारखान्याच्या आवारात शोभून दिसेल. माळावर तिचा काही संबंध नाही. विरळपणा हा या प्रदेशाचा दोष आहे असे आपण इतकी वर्षे मानत आलो की त्यातली समृद्धी दिसेनाशी झाली. रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. १८८४ नंतर ११३ वर्षे हा घुबडाचा लहान भाऊबंद कोणाला दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असेच मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरड्या, मोकळ्या सागवानी रानात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचे कळले. त्याला ढोलीसाठी जुनी झाडे लागतात आणि सरडे-उंदीर टिपण्यासाठी झाडांमधली मोकळी जमीन लागते. उपग्रहाच्या चित्रात हे रान 'विरळ' म्हणून नोंदले जाते आणि लागवडीच्या यादीत पहिल्यांदा त्याचाच नंबर लागतो.

म्हणून पहिले काम पाहणीचे. एप्रिल-मे महिन्यांत, पाने नसताना आणि वणवा येऊन गेल्यावर, गावातल्या जाणत्या माणसांना घेऊन डोंगर चालावा आणि दर शंभर पावलांवर खुंट, फुटवे, रोपटी आणि गवताची ठोंबे मोजावीत. याला यंत्र लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. जिथे मुळे भरपूर आहेत तिथे लागवडीचा विषय कायमचा बंद करून टाकावा. खुंटाला दहा-बारा धुमारे फुटले असतील तर जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे कोयत्याने काढावेत. फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढून त्या साफ ठेवाव्यात, आणि होळीपासून पहिल्या वळवापर्यंत आगीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांना रोजगार हमीच्या दराहून बरी मजुरी द्यावी. माझ्या हिशेबाने कोरड्या रानाच्या पुनरुज्जीवनावरचा सर्वांत मोठा खर्च याच तीन महिन्यांवर व्हायला हवा, आणि आज नेमका तिथेच पैसा नसतो.

घाणेरीचे काम वेगळे आहे आणि जिकिरीचे आहे. विदर्भात रायमुनिया म्हणून ओळखली जाणारी ही काटेरी झुडपे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी अमेरिकेतून भारतात आली, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहेत. वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटतात, जाळली तरी फुटतात. ती काढायची तर बुंध्याभोवतीची माती बाजूला करून जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडावे लागते आणि सबंध झुडूप मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावे लागते, म्हणजे ते पुन्हा मातीला लागत नाही. हे पावसाळ्यापूर्वी संपवून त्या जागेवर लगेच स्थानिक गवताचे बी टाकले नाही, तर पुढच्या वर्षी घाणेरीच्या जागी रानतुळस माजते. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून घाणेरीही पुन्हा येतच राहते, त्यामुळे तिसऱ्या वर्षीपर्यंत दर पावसाळ्यात फिरून उपटणी करावी लागते. एका वर्षाच्या ठेक्यात हे काम बसत नाही. ते तसे बसवले की घाणेरी दोनदा निघते आणि बिल दोनदा निघते, रान मात्र होते तिथेच राहते.

ज्या जातींचे बी आणि मूळ दोन्ही संपले आहे, त्या मात्र माणसाने आणाव्या लागतील. आमच्या भागात बिबा, चारोळी, अंजन अशी झाडे आजूबाजूला दिसतच नाहीत. वाऱ्याने किंवा पाखरांनी ती येतील ही आशा व्यर्थ आहे. त्यांचे बी जवळच्या देवरायांतून गोळा करून, शक्य तिथे पिशवीत न वाढवता थेट पेरावे, म्हणजे सोटमूळ पहिल्या दिवसापासून खाली जाते. परदेशी झाड म्हणजे शत्रू अशीही माझी भूमिका नाही. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात पायविहीर गावाने २०१२ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून रान राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाल्यावर उजाड झालेले आपले सुमारे १९३ हेक्टर रान सावरले, आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार सीताफळ आहे. सीताफळही मूळचे अमेरिकेतलेच. ते गवताला मारत नाही, गावाला पैसे देते, आणि त्या पैशामुळे गावाला राखण परवडते.

गावाच्या हाती रान दिले तर ते टिकेल का, हा प्रश्न अजूनही प्रामाणिकपणे विचारला जातो. पश्चिम बंगालमधल्या मिदनापूर जिल्ह्यात अराबारी इथे १९७२च्या सुमारास सुमारे १,२७० हेक्टरांवरच्या मोडलेल्या सालवनाची राखण भोवतालच्या गावांवर सोपवली गेली आणि उत्पन्नाचा चतुर्थांश वाटा त्यांना कबूल केला गेला. साल खुंटांतूनच पुन्हा उभा राहिला. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला. त्याहून मला अधिक महत्त्वाचे वाटते ते चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव. २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाचा, म्हणजे टेंभुर्णीच्या पानांचा, धंदा स्वतः बंद केला. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रानाला आग लावली जाते, फांद्या छाटल्या जातात आणि फळे धरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. हाताशी आलेला पैसा त्यांनी सोडला आणि बांबूवर भर दिला. इतका कठोर निर्णय कोणत्याही शासकीय परिपत्रकाने अमलात आणता आला नसता. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिलेला आहे. पुनर्लागवडीचा निधी मात्र आजही बहुतांशी त्यांना वळसा घालून जातो.

चराईचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर सर्वांत अवघड आहे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द आदर्श गाव योजनेमुळे महाराष्ट्राला पाठ झाले आहेत, आणि हिवरे बाजारने १९९०च्या दशकात ते अमलात आणून डोंगर राखून दाखवला, हे खरेच आहे. पण तिथे गवत विळ्याने कापून न्यायची मुभा होती आणि दावणीला जनावर पोसायला लोकांजवळ शेते होती. ज्याची सारी दौलत चाळीस मेंढरे आहेत आणि ज्याला दिवाळीनंतर वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या माळावर चारा लागतो, त्या धनगराला सरसकट बंदी म्हणजे उपासमार आहे. शिवाय गवताळ माळाला थोडी चराई हवीही असते. अजिबात न चरलेले गवत वाळून साचते आणि तेच वणव्याला खाद्य होते. म्हणून रानाचे तुकडे पाडून एकेका तुकड्याला चार-पाच वर्षे विसावा द्यावा, बाकीचे खुले ठेवावेत, आणि कोणता तुकडा कधी बंद हे ठरवणाऱ्या सभेत मेंढपाळांना बसवावे. बंद तुकड्यातले कापलेले गवत हक्काने त्यांच्या वाट्याला यावे. आमच्या डोंगरावर चरांतून वाचलेल्या पश्चिमेच्या उतारासाठी अशी बोलणी सध्या चालू आहेत. दोन वाड्यांचे लोक तयार आहेत, तिसऱ्या वाडीचे म्हणणे आहे की पाणवठ्याकडे जाणारी वाट बंद तुकड्यातून जाते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि वाट सोडून कुंपण आखायचे ठरले आहे.